'हॉरेन्डस' म्हणजे नेमकं किती वाईट?

प्रश्न पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या तरुणाचा आहे. लंडनच्या क्लायंटने त्याच्या टीमला ईमेल लिहिली, त्यात एक वाक्य होतं: 'द लास्ट रिलीज वॉज हॉरेन्डस.' (रिलीज म्हणजे ग्राहकाला दिलेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती.) शब्दकोश उघडला तर 'भयानक, भीषण, भयंकर' असे अर्थ निघाले आणि पोरगा घाबरला. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या शब्दाचा खरा अर्थ काय, तो 'हॉरिबल' आणि 'टेरिबल'पेक्षा वेगळा कसा, आणि मराठीत आणताना काय म्हणायचं. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, हल्ली भाषांतर शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, जरा सविस्तर.

आधी ईमेलचं, कारण ते घाईचं आहे. घाबरू नका. ब्रिटिश माणूस कामाच्या बाबतीत 'हॉरेन्डस' म्हणतो तेव्हा त्याला 'गेल्या वेळी फारच गोंधळ झाला, आमचे हाल झाले' असं सांगायचं असतं. राग खरा आहे, पण बोलीतला आहे. त्याने त्याऐवजी 'अन्अ‍ॅक्सेप्टेबल' लिहिलं असतं, तर मी तुम्हाला लगेच वरिष्ठांकडे जा म्हटलं असतं. तो शब्द दिसायला मवाळ, पण त्याचा रोख कराराकडे असतो: हे आम्ही खपवून घेणार नाही. 'हॉरेन्डस' मनःस्थिती सांगतो, 'अन्अ‍ॅक्सेप्टेबल' भूमिका सांगतो. उत्तरात त्यांचा शब्द परत वापरू नका. 'वुई आर सॉरी फॉर द हॉरेन्डस रिलीज' हे वाचायला विचित्र लागतं, शिवाय तुमच्याच हाताने तुमच्या कामावर शिक्का बसतो. काय बिघडलं, ते केव्हा कळलं, आता काय बदललंय, एवढं साध्या वाक्यांत लिहा. तुमच्या उत्तरात विशेषण जितकं कमी, तितका तो माणूस लवकर शांत होईल.

आता शब्दाकडे. शब्दकोशाने दिलेले तिन्ही मराठी शब्द भीतीचे आहेत. भयानक, भयंकर आणि भीषण, तिघांच्याही मुळाशी 'भी' हा भिण्याचा धातू आहे. आजच्या इंग्रजीतल्या 'हॉरेन्डस'मध्ये मात्र भीती जवळपास उरलेली नाही. उरलाय तो धक्का, किळस, हाल आणि 'अति' हा भाव. म्हणून शब्दकोशाचा अर्थ चुकीचा नसला तरी दिशाभूल करतो. हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक, जिथे खरोखर माणसांची दुर्दशा झालीय: कत्तल, अपघात, छळछावणी, उपासमार. दुसरं, जिथे कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही, फक्त वैताग आलाय: ट्रॅफिक, पाऊस, बिल, परीक्षेचा पेपर. यातलं कुठलं घर, ते शेजारचं नाम सांगतं. लंडनला राहणारा तुमचा मावसभाऊ फोनवर 'वेदर हॉरेन्डस आहे' म्हणाला तर छत्री उलटी करणारा वारा आणि दिवसभराची रिपरिप एवढंच समजायचं. पूर आला नसतो.

मूळ लॅटिन आहे, आणि इथे थोडं रेंगाळतो, कारण मराठी माणसाला यात एक जुना नातेवाईक भेटतो. लॅटिनमध्ये 'होर्रेरे' असं क्रियापद होतं. अर्थ: केस ताठ उभे राहणं, अंगावर काटा येणं, शहारणं. त्याला '-न्दुस' प्रत्यय लावला की 'होर्रेन्दुस', म्हणजे ज्याने शहारावं असा. हा प्रत्यय आपल्या 'अनीय' आणि 'तव्य'सारखा चालतो. पूजनीय म्हणजे पूजा करण्याजोगा, कर्तव्य म्हणजे करायला हवं ते; तसा होर्रेन्दुस म्हणजे 'शहारणीय', असा शब्द असता तर. इंग्रजीत या प्रत्ययाची पिलावळ मोठी आहे. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवायचं ते, डिव्हिडंड म्हणजे वाटून द्यायचा भाग, रेव्हरंड म्हणजे आदरणीय. अमांडा हे मुलीचं नावसुद्धा याच साच्यातलं: प्रेम करावं अशी.

याच साच्यातले दोन शब्द फार बोलके आहेत. 'ट्रिमेन्डस' म्हणजे मुळात ज्याच्यापुढे थरथर कापावं असा. 'स्टुपेन्डस' म्हणजे ज्याच्यापुढे थिजून जावं असा. दोघेही आज कौतुकाचे शब्द झालेत. 'ट्रिमेन्डस सक्सेस' म्हणजे दणदणीत यश. 'हॉरेन्डस' तेवढा वाईटाच्या बाजूला राहिला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून तो इंग्रजीत दिसतो आणि आजवर त्याने पक्ष बदललेला नाही. म्हणून 'हॉरेन्डसली गुड' असं कुणी म्हणत नाही. आपण 'भयंकर आवडलं', 'खतरनाक झालाय रस्सा' असं बिनदिक्कत म्हणतो. ती सवय इंग्रजीत घेऊन गेलात तर समोरचा गोंधळेल. लग्नाच्या जेवणाला कुणी कौतुकाने 'हॉरेन्डस फूड' म्हणाला तर यजमान पुन्हा बोलावणार नाही.

रोमन कवी व्हर्जिलने आपल्या लॅटिन महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात एकडोळ्या राक्षसाचं वर्णन 'मोन्स्त्रुम होर्रेन्दुम' अशा शब्दांनी सुरू केलं. पॉलिफेमस नावाचा तो राक्षस, डोळा फुटलेला, अवाढव्य, बेढब. तिथे शब्दाचा मूळ रंग दिसतो: पाहताच अंगावरचे केस उभे.

आणि तो नातेवाईक. 'होर्रेरे' आणि संस्कृतचा 'हृष्' धातू हे एकाच आदिम मुळापासून आलेत, असं तुलनात्मक भाषाशास्त्र सांगतं. हिवाळ्याला लॅटिनमध्ये 'हिएम्स' म्हणतात आणि आपल्याकडे 'हिम', तिथे दोन्हीकडचा 'ह' जसा जुळतो तसाच इथेही जुळतो. हृष् म्हणजे केस ताठ होणं, पुढे उल्हसित होणं. त्यातून 'हर्ष' आला. म्हणजे इंग्रजीचा 'हॉरर' आणि मराठीचा 'हर्ष' सख्खी चुलत भावंडं! अंगावर काटा दोन कारणांनी येतो, भीतीने आणि आनंदाने. लॅटिनने एक वाट धरली, आपण दुसरी. पण आपल्याकडे पहिली वाट पुसली गेली नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. तिथला रोमहर्ष आनंदाचा कसा असेल? समोर आजोबा आणि गुरू उभे आहेत, हातातून गांडीव गळतंय. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तोच अर्जुन 'हृष्टरोमा' होतो, तेव्हा भय आणि विस्मय दोन्ही एकत्र. अठराव्यात संजय सगळा संवाद आठवून त्याला 'अद्भुतं रोमहर्षणम्' म्हणतो, तिथे निव्वळ भारावलेपण. एकाच ग्रंथात एका शब्दाच्या तीन छटा. मराठीत आज 'रोमहर्षक' शब्द क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला लागतो, म्हणून 'हॉरेन्डस'चं भाषांतर 'रोमहर्षक' करू नका, व्युत्पत्ती कितीही जुळली तरी. वर्गात एखादा हुशार विद्यार्थी दर वर्षी हा प्रयत्न करतोच.

आता घरातली बाकीची भावंडं. 'हॉरिबल' सगळ्यांत थोरला, जुन्या फ्रेंचमधून कितीतरी आधी आलेला, आणि आज सगळ्यांत घासून गुळगुळीत झालेला. लहान मुलंही तो वापरतात. ब्रिटनमध्ये त्याचा एक खास उपयोग आहे: 'डोन्ट बी हॉरिबल टू युअर सिस्टर', म्हणजे ताईशी दुष्टपणे वागू नकोस. हे 'हॉरेन्डस'ला जमत नाही. माणसाच्या स्वभावाला तो सहसा लावत नाहीत. मित्र मित्राला 'यू लुक हॉरेन्डस' म्हणतो, पण ते 'काय अवतार झालाय तुझा!' या अर्थाने. स्वभावाशी संबंध नाही. 'हॉरिड' जुन्या वळणाचा आणि किंचित लाडिक, गोष्टींच्या पुस्तकातल्या मावशीच्या तोंडी शोभणारा. 'हॉरिफिक' मात्र जपून वापरायचा. तो रक्तामांसाच्या जवळ आहे: जखमा, हल्ले, अपघात. 'हॉरेन्डस'चा पसारा त्याहून मोठा, कारण त्यात परिस्थिती, खर्च आणि कटकटसुद्धा मावते. तुरुंगातली 'हॉरेन्डस कंडिशन्स' चालेल, पार्किंगचा 'हॉरेन्डस' दरही चालेल. पार्किंगला 'हॉरिफिक' म्हटलं तर जास्त नाटकी वाटेल.

आणि 'हॉरिफाइड' माणसासाठी. हा फरक आपल्याकडे सर्रास चुकतो. बातमी ऐकून तुम्हाला धक्का बसला तर 'आय वॉज हॉरिफाइड'. 'आय फेल्ट हॉरेन्डस' म्हटलंत तर ऐकणारा समजेल की रात्री तुमची तब्येत पार बिघडली होती.

त्याहून मोठा घोटाळा सिनेमाचा. रात्री झोप उडवणारा भुताचा सिनेमा पाहून आलेला मराठी माणूस मनातल्या मनात 'भयानक सिनेमा' म्हणतो आणि तोंडाने 'हॉरेन्डस मूव्ही'. ऐकणाऱ्या इंग्रजाला कळतं ते असं की सिनेमा भिकार होता, पैसे पाण्यात गेले. भीती वाटली असं सांगायचं असेल तर 'टेरिफाइंग' किंवा साधा 'स्केरी'. सिनेमा, नाटक, गाणं, अभिनय यांना 'हॉरेन्डस' लावला की तो नेहमी दर्जाबद्दल बोलतो.

'टेरिबल'चं मूळ वेगळं, त्यात खरी भीती होती. त्याची सख्खी बहीण 'टेरिफिक' पार पलटून 'झक्कास' झाली, आणि 'टेरिबल' स्वतः इतका सौम्य झाला की 'आय अ‍ॅम टेरिबल अ‍ॅट मॅथ्स' म्हणजे गणितात मी ढ आहे, बस. 'आय फील टेरिबल' म्हणजे मला अपराधी वाटतंय, असाही अर्थ होतो. 'हॉरेन्डस'ला ही अपराधीपणाची छटा नाही. 'ऑफुल'मध्ये एकेकाळी देवापुढचा धाक होता, आता नळाच्या पाण्याच्या चवीलाही तो चालतो. 'अपॉलिंग' म्हणजे मुळात चेहरा पांढरा पाडणारं. आज त्यात नैतिक संताप असतो, म्हणून वर्तन, निष्काळजीपणा, सरकारी अनास्था यांना तो बसतो. 'अ‍ॅट्रोशस' क्रौर्याचा, पण शुद्धलेखनालाही लागतो. 'घास्टली', 'ड्रेडफुल' हे ब्रिटिश दिवाणखान्यातले, चहाच्या कपासोबतचे.

एका शब्दाशी मात्र गल्लत करू नका: 'हीनस'. भारतीय बातम्यांत तो 'हॉरेन्डस'च्या जागी आणि 'हॉरेन्डस' त्याच्या जागी सर्रास येतो. पण हीनसला आपल्याकडे कायद्याचा अर्थ आहे. 2015 च्या बालन्याय कायद्यात ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, त्यांना हीनस म्हटलंय. त्याला प्रतिशब्द 'जघन्य' देतात, आणि तो शब्दही गमतीचा: जघन म्हणजे कंबरेखालचा भाग, त्यावरून सगळ्यांत मागचा, सगळ्यांत नीच. न्यायालयाच्या बातमीत मूळ प्रतीत 'हीनस' असेल तर तिथे 'भयानक गुन्हा' लिहून मोकळं होता येत नाही. आणि 'हॉरेन्डस क्राइम' असेल तर 'जघन्य' लिहून त्याला कायद्याचं वजन चढवायचंही नाही.

अशा विशेषणांचं वजन किती मोजूनमापून ठरतं, याचा नमुना पाहायचा असेल तर जालियनवाला बागेवर ब्रिटिश नेत्यांनी वेळोवेळी वापरलेले शब्द पाहावेत. 8 जुलै 1920 रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये युद्धमंत्री असलेले चर्चिल यांनी त्या घटनेला 'मॉन्स्ट्रस' म्हटलं, राक्षसी. त्याच भाषणात त्यांनी 'फ्राइटफुलनेस' हा शब्द घेतला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियममध्ये केलेल्या अत्याचारांसाठी ब्रिटिशांनी तो गाजवला होता. तोच शब्द आता आपल्याच सेनाधिकाऱ्याच्या कृत्यासाठी वापरून, एका जमावाची कत्तल करून सगळ्या मुलखाला दहशत बसवणं असा त्याचा अर्थही त्यांनी सभागृहात उलगडून सांगितला. 1997 मध्ये राणी एलिझाबेथ अमृतसरला जाण्याच्या आदल्या दिवशी बोलल्या तेव्हा शब्द निवडला गेला 'डिस्ट्रेसिंग'. क्लेशदायक. 2019 मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी लांछनास्पद व्रणाची उपमा दिली. रीतसर माफी या तिघांच्याही शब्दांत नाही. 'डिस्ट्रेसिंग'मध्ये क्लेश कुणाला झाले ते कळतं, कुणी दिले ते कळत नाही; 'मॉन्स्ट्रस'मध्ये करणारा दिसतो. 'हॉरेन्डस' या बाबतीत मधला आहे. तो पाहणाऱ्याची प्रतिक्रिया सांगतो, दोष कुणाच्या पदरात टाकत नाही. म्हणूनच राजदूत आणि प्रवक्ते युद्धातल्या बळींबद्दल बोलताना 'हॉरेन्डस सफरिंग' सहज म्हणतात. बॉम्ब कुणी टाकला, हे न बोलता दुःख व्यक्त करायची सोय त्यात आहे. बातमी भाषांतरित करताना ही सोय तशीच ठेवायची. प्रवक्ता 'हॉरेन्डस' म्हणाला असेल आणि तुम्ही मराठीत 'अमानुष' लिहिलंत, तर त्याने न केलेला आरोप तुम्ही त्याच्या तोंडी घातलात.

तत्त्वज्ञानात तर हा शब्द पारिभाषिक झालाय. मॅरिलिन मॅकॉर्ड अ‍ॅडम्स या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी 1989 च्या आपल्या निबंधात 'हॉरेन्डस ईव्हिल्स' असा दुष्टाव्याचा एक वेगळा वर्ग मांडला. ज्या दुष्टाव्यात सापडल्यावर, मग तो भोगून असो वा करून, आपलं सगळं आयुष्य एकंदरीत चांगलं ठरू शकेल का अशीच शंका माणसाला यावी, तो दुष्टावा 'हॉरेन्डस'. देव चांगला असेल तर हे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. रोजच्या वापरात ट्रॅफिकपर्यंत घसरलेल्या शब्दाला एवढं मोठं ओझं पेलतं हे विशेष.

मग मराठीत काय लिहायचं? माझं मत स्पष्ट आहे: या शब्दाला एक मराठी प्रतिशब्द नाही आणि शोधूही नये. मराठीत विशेषणं नामाशी लग्न लावून बसलेली आहेत. अपघात भीषण असतो, आगही भीषण, पाणीटंचाईही. खून निर्घृण असतो. (या निर्घृणमधली घृणा म्हणजे किळस असं वाटतं ना? संस्कृतात तिचा एक अर्थ दया असा आहे. निर्घृण म्हणजे दयाशून्य.) मारहाण अमानुष असते, पूर प्रलयंकारी, घटना हृदयद्रावक, अवस्था दयनीय. 'हॉरेन्डस अ‍ॅक्सिडेंट' दिसला की हात आपोआप 'भीषण अपघात' लिहितो आणि ते योग्यच आहे. त्याच हाताने 'भीषण वाहतूक कोंडी' लिहिलं की मात्र खटकतं. तिथे 'वाहतुकीचा पार बोजवारा उडाला'.

आणखी एक गोष्ट अशी की इंग्रजी जिथे विशेषण वापरते तिथे मराठी अनेकदा क्रियापद किंवा थेट वाक्प्रचार मागते. 'हॉरेन्डस जर्नी' म्हणजे प्रवासात हाल हाल झाले. 'हॉरेन्डस हेडेक' म्हणजे डोकं फुटायची वेळ आली. 'हॉरेन्डस मिस्टेक'ला आपल्याकडे तयार शब्द आहे, घोडचूक. तो असताना 'भयानक चूक' कशाला? 'हॉरेन्डस डेट' म्हणजे कर्जाचा डोंगर. 'हॉरेन्डसली एक्स्पेन्सिव्ह' म्हणजे अवाच्या सवा किंमत, 'हॉरेन्डसली कॉम्प्लिकेटेड' म्हणजे कमालीचं किचकट. नटाने 'हॉरेन्डस' काम केलं असेल तर भिकार केलं. तुमच्या ईमेलमधलं वाक्य मी असं आणेन: 'मागच्या रिलीजच्या वेळी आमचे फार हाल झाले.' यात मूळ विशेषण कुठेच दिसत नाही, पण क्लायंटचा सूर हाच आहे.

बातमीतली एक जागा जवळून दाखवतो, कारण नवोदित तिथे हमखास अडतात. वाक्य असं समजा: 'सर्व्हायव्हर्स डिस्क्राइब्ड हॉरेन्डस सीन्स अ‍ॅज द बस कॉट फायर.' पहिला खर्डा येतो तो असा: 'बसला आग लागली तेव्हाच्या भयानक दृश्यांचे वाचलेल्यांनी वर्णन केले.' शब्द सगळे मराठी, वाक्य इंग्रजी. 'सीन्स' म्हणजे 'दृश्ये' नव्हेत, 'काय घडलं ते' आहे. आणि 'वाचलेल्यांनी' वाचताना पुस्तक वाचणारे डोळ्यांसमोर येतात. दुसरा खर्डा उत्साही मुलांचा: 'त्या क्षणाची आठवण सांगताना बचावलेल्या प्रवाशांना शब्द फुटत नव्हते.' वाक्य छान आहे, पण खोटं आहे. मूळ बातमीत प्रवासी बोलले आहेत, त्यांनी वर्णन केलंय. शब्द फुटत नव्हते हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तिथे तिसरी वाट घेतो: 'बसने पेट घेतला तेव्हा आत काय घडले, ते बचावलेल्या प्रवाशांनी सांगितले.' मग पुढच्या परिच्छेदातला ठोस तपशील वर ओढायचा: मागचं दार उघडत नव्हतं, लोकांनी काच फोडली, जे काही मूळ प्रतीत असेल ते. 'हॉरेन्डस' गेला तरी चालतो. तपशीलच नसेल तरच 'अंगावर काटा आणणारा प्रसंग' लिहायचं. आकड्यांचंही तेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या आकड्याशेजारी 'भीषण' लिहिणाऱ्याने आकडा नीट वाचलेला नसतो.

सांत्वनाच्या पत्राबद्दल वेगळं सांगतो, कारण परदेशी सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला की हा प्रश्न येतो. 'हॉरेन्डस लॉस' लिहू नका. तो शेअर बाजारातला तोटा किंवा दारुण पराभव वाटतो. तिथे 'टेरिबल लॉस' हा रुळलेला शब्द आहे. मात्र 'दिस मस्ट बी हॉरेन्डस फॉर यू' असं जवळच्या माणसाला म्हणता येतं, त्यात सहानुभूती आहे. मराठीत आपण अशा वेळी उलट दिशेला जातो. मोठ्यातल्या मोठ्या दुःखाला 'फार वाईट झालं' एवढंच म्हणतो, आवाज खाली घेऊन. तिथे 'भयंकर झालं' म्हणणारा माणूस बातमी पसरवायला आलाय असं वाटतं.

व्याकरणाचं फारसं काही नाही. 'अति' हा भाव शब्दाच्या पोटातच असल्यामुळे त्याच्या आधी 'व्हेरी' शोभत नाही. 'अ‍ॅब्सोल्यूटली', 'ट्रूली', बोलताना 'प्रिटी' चालतं. आपण 'अत्यंत भीषण' सहज लिहितो म्हणून 'व्हेरी हॉरेन्डस' निघून जातं तोंडातून. नामाआधीही येतो, 'इज' किंवा 'वॉज'नंतरही येतो. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात किंवा संशोधन अहवालात तो टाळा. दुष्काळाला तिथे 'सिव्हिअर' पुरेसा आहे, कारण परीक्षकाला तुमचा शहारा नको असतो, तीव्रता हवी असते. तक्रार अर्जातही तेच. बँकेला 'हॉरेन्डस सर्व्हिस' लिहिलंत तर ग्राहक चिडलाय एवढंच कळतं. कुठल्या तारखेला काय झालं ते लिहिलंत तर कुणीतरी फाइल उघडतं.

उच्चाराचं राहिलंच. आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'हॉ-रेन्डस' म्हणतो, 'हॉरर'च्या सवयीने. जोर खरा दुसऱ्या अक्षरावर आहे आणि पहिलं जवळपास गिळलं जातं: 'हरेन्डस', यातला 'ह' अगदी हलका. अमेरिकेत पहिलं अक्षर थोडं 'हॉ'कडे झुकतं, जोर मात्र तिथेही 'रेन्'वरच. शेवटी 'डियस' करू नका. 'हॉरेन्डियस' आणि 'ट्रिमेन्डियस' हे दोन्ही कानावर पडतात आणि दोन्ही चूक आहेत. स्पेलिंगमध्ये आर दोनदा, आणि डीनंतर थेट ओ-यू-एस, मध्ये आय नाही.